विश्वकर्म्याच्या यादीत पटवेकरी नाही

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत एकूण १८ व्यवसाय आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला योजना सुरू झाली तेव्हापासून ती यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे, कारण गावोगावचे फोन येतात, "आमचं काम यात बसतंय का बघा जरा." सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, परीट, शिंपी, मूर्तिकार आहेत. टोपल्या-झाडू वळणारे, बाहुल्या-खेळणी करणारे, कुलपं करणारे आहेत. आपल्या धाराशिव जिल्ह्यात शोधूनही सापडायचे नाहीत असे होडी बांधणारेसुद्धा आहेत. आणि माळाकार आहे, म्हणजे फुलांचे हार करणारा.

म्हणजे फुलं ओवणारा यादीत आहे, सोनं घडवणारा आहे, पण मणी ओवणारा नाही.

आठवडी बाजारात बसणारे एक पटवेकरी मामा मागे सेवा केंद्रावर फॉर्म भरायला गेले होते. कॉम्प्युटरवर व्यवसाय निवडायची यादी उघडते, तीत पटवेकरी सापडेना. फॉर्म भरणारा पोरगा भला होता. म्हणाला, "मामा, सोनार टाकू का? दागिन्याचंच काम आहे की." मामा उठून आले. मला म्हणाले, "मी सोनार कधीपासून झालो? उद्या गावातला सोनारच विचारील." त्यांचं बरोबर आहे. अर्ज ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेपासून पुढे तीन पातळ्यांवर तपासतात, खोटं लिहून तिथंच अडकायचं.

रक्कम काही चिल्लर नाही. अवजारांसाठी १५ हजार, तारणाशिवाय आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज, व्याज ५ टक्के, शिवाय प्रशिक्षण आणि कारागीर म्हणून सरकारी ओळखपत्र. पण मला या पोस्टमध्ये पैशापेक्षा दुसरंच सांगायचंय. पटवेकरी यादीतून कसा सुटला, हे शोधायला गेलो तर दोन हजार वर्षं मागं जावं लागलं, आणि सुरुवात आपल्याच जिल्ह्यात सापडली. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी पटवेकरी म्हणजे कोण, ते नव्या पोरांसाठी सांगतो. सोनार मणी घडवतो, वाट्या घडवतो, पदक घडवतो. त्याचा दागिना करतो पटवेकरी. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, ठुशी, काळ्या मण्यांची पोत, हे सगळं सुटं सुटं त्याच्यापुढे येतं. तो रेशीम किंवा सूत घेतो, पीळ देतो, मेण लावतो, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणतो आणि ओवायला लागतो. पदर किती, दोन मण्यांत गाठ कुठं, गोंडा केवढा, सगळं हाताच्या हिशोबावर. मोत्याच्या माळेत प्रत्येक मोत्यामागे गाठ मारली तर दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो, बाकीचे जागेवर राहतात. याशिवाय करदोडे, राख्या, गोंडे हीही त्याचीच कामं. बारा बलुतेदारांच्या नेहमीच्या यादीतसुद्धा पटवेकरी नसतो. तो खेड्याचा नाही, कसब्याचा, पेठेचा माणूस. जिथं बाजार, तिथं तो. यादीतून सुटायची त्याला जुनी सवय आहे म्हणायची.

आता तेरला चला. संत गोरोबाकाकांचं तेर सगळ्यांना माहीत. पण तिथलं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय जिल्ह्यातल्या किती जणांनी आतून पाहिलंय, हात वर करा. लामतुरे गावातलेच. पांढरीच्या टेकाडांवर पाऊस पडून गेला की माती वाहून जाते आणि जुन्या वस्तू उघड्या पडतात, त्या त्यांनी वर्षानुवर्षं वेचल्या, सांभाळल्या. १९५८ मध्ये तिथं उत्खननही झालं. संग्रहालयातली हस्तिदंती बाई प्रसिद्ध आहे, कारण तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. लोक ती बाई बघतात आणि बाहेर पडतात. मी म्हणतो, मण्यांच्या पेटीपुढे थांबा. अकीक, लाल कार्नेलियन, स्फटिक, शंख, काच. काही मणी मोहरीएवढे, आणि त्यांना आरपार सरळ भोक. वीज नाही, यंत्र नाही.

तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी टिपणात, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात, तगर आणि पैठण या दोन्ही गावांची नावं आहेत. तिथं लिहिलंय की पैठणहून गोमेदासारखे पट्ट्यांचे दगड मोठ्या प्रमाणात भडोचच्या बंदराला जातात आणि तगरहून कापड जातं. गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून. हा दगड आला कुठून? आपल्या पायाखालून. दख्खनच्या काळ्या पाषाणात पोकळ्या असतात आणि त्यात गारगोटी, अकीक तयार होतात. नांगरताना शेतात चकाकणारी गार निघते ना, तीच जात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला अर्धवट घडवलेले मणीही सापडले, म्हणजे मणी तिथंच पाडत होते. आपल्या मराठवाड्यातला दगड तेव्हा रोमच्या बाजारापर्यंत पोचत होता.

या विषयावर मराठी माणसांनीच पायाचं काम करून ठेवलंय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी नक्षी कोरलेल्या मण्यांवर १९४९ साली पुस्तक लिहिलं आणि १९६९ मध्ये भारतीय काचेचा इतिहास लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव यांनी भारतीय मण्यांवर अख्खा ग्रंथ केला, तो २००० साली आला. दोघांचंही लेखन इंग्रजीत. मराठीत शाळेच्या पोरांना वाचायला देता येईल असं या विषयावर मला काही सापडलेलं नाही.

पुढं सातवाहनांचं राज्य गेलं, रोमचा व्यापार आटला, तगर ओसरलं. मण्यांचा धंदा मात्र मेला नाही, त्यानं गाव बदललं. गुजरातेत खंभातला अकीकाचं काम टिकलं, ते आजही आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीजानं खंभातच्या बाजाराचं आणि तिथल्या दगडकामाचं वर्णन केलंय. दगड राजपिपळ्याच्या डोंगराकडून यायचा. गवऱ्यांच्या धगीत मडक्यात घालून भाजला की पिवळट दगड लाल होतो. मग टोकदार लोखंडावर टेकवून हातोडीनं चपला काढायचा, घासायचा, भोक पाडायचं. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला जहाजं भरून माल जाई. खंभातच्या अकीकाला आता भौगोलिक मानांकन आहे. पण एक गोष्ट मानांकनाच्या प्रमाणपत्रावर लिहिलेली नसते. दगड घासताना उडणारी धूळ छातीत बसते, सिलिकोसिस होतो, आणि खंभातची घरंच्या घरं त्यानं पोखरली. हातानं केलेल्या वस्तूचं कौतुक करताना हात कोणाचे, फुप्फुसं कोणाची, हेही विचारलं पाहिजे.

मग काच. आपल्याकडे काळ्या मण्याच्या सराला 'पोत' म्हणतात. (तुळजापूरच्या लोकांनी गोंधळू नये. भुत्याच्या हातातली पेटती पोत वेगळी, ही गळ्यातली.) बारीक काचमणी भारतात फार जुने. काचेची पोकळ नळी ओढायची आणि तिचे तुकडे करायचे, ही रीत दक्षिण भारतात दोन हजार वर्षांपूर्वी बसली. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूचे असे मणी आग्नेय आशियापर्यंत गेले. आंध्रात श्रीकाळहस्तीजवळच्या पापानायडूपेटमध्ये ही नळी ओढायची कला आपल्या काळापर्यंत चालत आली. उत्तरेत हाथरस जिल्ह्यातलं पुरदिलनगर मण्यांवर जगतं.

पण एकोणिसाव्या शतकात चित्र फिरलं. व्हेनिसचे आणि बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातले, मणी पोत्यानं यायला लागले. स्वस्त, रंगाला पक्के, एकाच मापाचे. सौराष्ट्रातलं मोतीकाम, ती तोरणं आणि चाकळे, ज्याला आपण शंभर टक्के देशी समजतो, ते बऱ्याच अंशी या परदेशी मण्यांवर फुललं. देशी मणी करणाऱ्याला झळ बसली, ओवणाऱ्याला काम वाढलं.

बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथले बहुतेक मणी कारागीर जर्मन भाषेचे. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांना देशाबाहेर काढलं. साचे, भट्ट्या, गोदामं मागे राहिली. ती माणसं बव्हेरियात एका जागी जमली, पुन्हा भट्ट्या पेटवल्या आणि वस्तीला जुन्या गावाचंच नाव दिलं, 'नवं गाब्लोन्त्स'. धंदा कुठं असतो? भट्टीत की हातात? सरकारी योजना अवजारांना पैसे देतात तेव्हा हा प्रश्न मला आठवतो.

मोत्यांचंही तेच. नथ आणि तन्मणी म्हटलं की म्हाताऱ्या बायका अजून 'बसरा मोती' म्हणतात. इराणच्या आखातातून निघालेले मोती मुंबईच्या बाजारात येत, तिथून जगभर जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुंबई ही मोत्यांची मोठी पेठ होती. जपानमध्ये मिकिमोतोनं १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम मोती वाढवून दाखवला. पुढच्या तीसेक वर्षांत हे लागवडीचे मोती बाजारात उतरले, त्यात १९२९ ची जागतिक मंदी. बहरीन आणि कुवेतचे पाणबुडे देशोधडीला लागले. आपल्याकडे नथ बंद पडली का? नाही. बसऱ्याच्या जागी जपानी मोती आला, नंतर चिनी आला, आता बऱ्याच नथींत प्लास्टिकचा असतो. तारेत मोती गुंफणारा हात तोच राहिला.

माझा मुद्दा इथं आहे. एके काळी दगडही आपला होता आणि मणीही आपला. मग मणी खंभातचा झाला, व्हेनिसचा झाला, जपानचा आणि चीनचा झाला. बाजार दर शंभर वर्षांनी उलटापालटा झाला आणि प्रत्येक वेळी मणी पाडणारा कुठला तरी कारागीर बुडाला. गावातला ओवणारा बुडाला नाही. कारण मणी जहाजातून येऊ शकतो, ओवण येऊ शकत नव्हती.

ती का येऊ शकत नव्हती, हे समजायला आपल्या बायकांचा एक रिवाज बघावा लागतो. दोरा म्हटला की वर्षा-दोन वर्षांत झिजणार, तेल-पाण्यानं कुजणार. पोत तुटली असं कोणी म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतात. गळा मोकळा ठेवायचा नाही. म्हणून पोत गाठवायला दिली की तेवढ्या वेळापुरतं दोऱ्यात हळकुंड बांधून घालायचं आणि तिथंच बसायचं. पटवेकऱ्याच्या पालापुढे बाजारच्या दिवशी बायका बसलेल्या असायच्या त्या यासाठी. डोळ्यांदेखत काम, मण्यांची मोजदाद दोघांच्या समक्ष, सोन्याचा मणी इकडचा तिकडे व्हायची भीती नाही, आणि तासाभरात गळ्यात. हे काम मुंबईला पाठवून करून आणता येत नाही. नवा दागिना घरात आयुष्यात एकदा-दोनदा होणार, पण ओवण पुन्हा पुन्हा. पटवेकऱ्याचं पोट दागिन्यावर नव्हतं, दोऱ्याच्या झिजण्यावर होतं.

सरकारनं एकदा हे गणित मोडून बघितलंय. जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, सुवर्ण नियंत्रणाखाली १४ कॅरेटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने करायला बंदी आली. देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या, काहींनी जीव दिले. कॅरेटची अट पुढे तीन वर्षांत गेली, पण १९६८ ला सुवर्ण नियंत्रण कायदा झाला आणि तो रद्द व्हायला १९९० उजाडलं. सोनाराच्या पेढीच्या पायरीवर बसणारा पटवेकरी त्या काळात कसा जगला असेल? मामांचं उत्तर एका वाक्यात होतं: "नवं बंद झालं, जुनं तुटायचं थोडंच थांबलं?"

आणि आता जो बदल आलाय तो या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. आता मणी बदललेला नाही. दोरा गेलाय.

सराफाच्या काचेतलं आजचं मंगळसूत्र नीट बघा. काळे मणी सोन्याच्या तारेत एकेक करून अडकवलेले असतात, कडीत कडी. किंवा नुसती यंत्रावरची साखळी आणि मधे चार मणी. ते झिजत नाही, कुजत नाही, गाठवावं लागत नाही. तुटलंच तर सोनार झाळून देतो. नोकरीवाल्या मुलींचं छोटं मंगळसूत्र तर बोटभर मण्यांचं, आणि मनगटात घालायचंही निघालंय. यात वाईट काही नाही. लोकलच्या गर्दीत चढणारीनं तीन पदरी पोत सांभाळावी असा हट्ट मी कोण धरणारा? सोन्याचा भाव असा की साधं घर एक ग्रॅमच्या मुलाम्याकडे वळलंय, आणि तो माल मालाडच्या आणि राजकोटच्या कारखान्यांतून तयार होऊन येतो. आपल्या बाजारात जो दोरा उरलाय तोही बहुतेक तंगूस आहे. मासे धरायचा नायलॉन. तो कुजत नाही, पण गाठ धरत नाही, घसरतो. मामा त्याला शिव्या देतात आणि वापरतातही.

यातली गंमत म्हणा की दैवगती म्हणा, आपल्याकडे लांब मंगळसूत्राला 'गंठण' म्हणतात. शब्द गाठण्यावरून आलेला. दागिन्याचं नाव सोन्यावरून पडलं नाही, मण्यावरून पडलं नाही, पटवेकऱ्याच्या कामावरून पडलं. आज दुकानात गंठण मागा, दहा प्रकार दाखवतील. एकातही गाठ नसेल.

मग हातानं ओवलेल्या दागिन्याला पुढं काही आहे की नाही? शहरात आहे असं लोक सांगतात. प्रदर्शनं भरतात, मोबाइलवरून विक्री होते, हातानं केलेलं म्हटलं की चार पैसे जास्त मिळतात. म्हणून बचत गटाच्या बायकांना दागिने बनवायचं प्रशिक्षण द्यायची लाट आहे. अशा एका प्रशिक्षणाच्या समारोपाची बातमी करायला गेलो होतो. पंचवीस-तीस बायका, सगळ्यांपुढे एकसारखी पाकिटं, एकसारखे चिनी मणी, एकसारखा तंगूस आणि एकसारखे हार. फोटो छान आला. मी विचारलं, हे विकणार कुठं? शिकवायला आलेल्या मॅडम म्हणाल्या, ऑनलाइन. ऑनलाइन म्हणजे जिथं तोच हार कारखान्यातून निम्म्या भावात आलेला आहे, तिथं. आणि तिथून चालत दहा मिनिटांवर ज्यांनी आयुष्यभर गाठ मारली ते मामा बसतात. त्यांना शिकवायला बोलवावं असं कोणालाही सुचलं नव्हतं. मण्यांचं प्रशिक्षण झालं, ओवणीचं राहिलंच.

तुळजापूर मात्र वेगळं आहे, आणि आपल्या जिल्ह्याचं म्हणून सांगतो. आई भवानीची कवड्यांची माळ. आराधी, गोंधळी, भोपे, अंगभर कवड्या ल्यालेला भुत्या. कवडी आपली नाही, ती समुद्राची, मालदीवकडची. बंगालमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ती नाणं म्हणून चालत होती. नाणं म्हणून मेली, भाषेत कवडीमोल झाली, पण देवीच्या गळ्यात तिची किंमत कधी उतरली नाही. पाठ घासून, भोक पाडून, दोऱ्यात गुंफलेली माळच लागते, कारण ती घालायचा एक विधी आहे, ती घालणाऱ्याचं एक व्रत आहे. प्लास्टिकच्याही कवड्या बाजारात मिळतात म्हणा. तरी ही माळ फॅशनवर चालत नाही, म्हणून ती ओवणाऱ्याला नवरात्रात मान वर करायला फुरसत नसते. बाकी वर्षाचं काय, हा प्रश्न तिथंही आहेच.

नळदुर्गकडच्या तांड्यांवर तिसरंच चित्र. बंजारा बाईची कांचळी, फेटिया, घुगरी-टोपली, मणी-कवड्या-आरशांचं काम, हे तिनं स्वतःसाठी केलं, विकायला केलं नाही. म्हाताऱ्यांच्या पेटीत जे उरलंय त्याला शहरी व्यापारी येऊन भाव करतात. उचलून नेलेला तुकडा मोठ्या दुकानात 'ट्रायबल' म्हणून टांगला जातो, करणारीचं नाव नाही. शेजारी कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन आहे, तिथल्या बायका केंद्रात बसून काम करतात, त्यांचा माल त्यांच्या नावानं जातो. तीच जमात, तीच सुई. आपल्याकडे नाही झालं, इतकंच.

आता काय करता येईल, ते माझ्या अकलेप्रमाणे सांगतो. पहिलं म्हणजे यादी. १८ चे १९ करणं दिल्लीच्या हातात आहे, पण मागणी जिल्ह्यातून जावी लागते, आणि मागणी करायला आपल्या जिल्ह्यात पटवेकरी आहेत किती हे तरी माहीत हवं. कोणाकडेही आकडा नाही. दुसरं, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला आयुक्तांचं 'पहचान' ओळखपत्र हस्तकला कारागिरांसाठी असतं. त्याची चौकशी या लोकांसाठी कोणीतरी करायला हवी. मी सुरू केलीय, कळलं की लिहीन. तिसरं, तेरच्या संग्रहालयात जिथं दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी ठेवलेत, तिथं महिन्यातून एक दिवस एखाद्या पटवेकऱ्याला मानधन देऊन बसवा. शाळेच्या सहली येतातच. पोरांनी मणी पेटीत बघावा आणि शेजारी ओवताना बघावा. याला फार पैसे लागत नाहीत, एक चटई आणि एक पत्र लागतं.

आणि सराफ मंडळींना एक विनंती. तुमच्याकडे अजून जुन्या बोरमाळा, पुतळीमाळा दुरुस्तीला येतात. तुम्ही त्या पाकिटात घालून मोठ्या शहराला पाठवता, आठ-दहा दिवसांनी येतात. बाजारच्या दिवशी तुमच्या पायरीवर पुन्हा एका माणसाला जागा द्या. पूर्वी ती होतीच. गिऱ्हाईकाला तासाभरात दागिना मिळेल आणि तुमचं कुरिअर वाचेल.

मामांचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. सून शिवणकाम करते, बोट बारीक आहे, गाठ चांगली मारते असं मामाच म्हणाले. तिनं हे काम पुढं न्यावं का, असं मी विचारलं तेव्हा ते गप्प राहिले, मग म्हणाले, "तिला विचारा, मला नका विचारू." विचारलं. ती म्हणाली, "महिन्याला शिलाईएवढे सुटले तर करीन."

नवरात्राच्या आत जिल्ह्यातल्या पटवेकऱ्यांची आणि माळा ओवणाऱ्यांची यादी करून जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा उद्योग केंद्रात द्यायचं ठरवलंय. तुमच्या गावात, तुमच्या बाजाराला कोणी बसत असेल तर मला कळवा: कुठं बसतात, कोणत्या वारी, घरात पुढं कोणी करतं का. नाव आणि नंबर इथं उघड्यावर टाकू नका, मेसेज करा. आणि घरात रेशमात गाठवलेली जुनी पोत असेल तर तिचा फोटो पाठवा. ती कोणी ओवली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल तर तेवढं नाव सोबत लिहा.